रविवारनंतरचे सहा दिवस: ठाणे-नवी मुंबईत ख्रिस्ती श्रद्धा जगू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

नगर, जालना, सोलापूरकडून नोकरीसाठी येऊन ऐरोली-घणसोलीत खोली घेतलेली मुलं-मुली, वसईतून लग्न होऊन ठाण्यात आलेल्या सुना, आणि इथेच वाढलेले पण आता कुठे येशूचं मनावर घेतलेले लोक, अशांसाठी हे लिहितो आहे. गावाकडे एक सोय असते. सगळी वस्ती ओळखते. रविवारी दिसला नाहीत तर संध्याकाळी मंडळीतली एखादी काकू दारात उभी राहते आणि ‘ताप आलाय का रे?’ असं विचारत घरभर नजर फिरवते. इथे पंचवीस मजली टॉवरमध्ये तुम्ही चर्चला गेलात की मॉलला, याची शेजारच्या फ्लॅटलाही खबर नसते. त्यामुळे इथे श्रद्धा सहज सुटते, आणि त्याहून सहज तिचं नुसतं नाटक करता येतं.

पौलाने तरुण तीमथ्याला लिहिलं होतं की, तू वयाने लहान आहेस म्हणून कोणी तुला तुच्छ मानू नये. बोलणं, वागणं, प्रीती, विश्वास आणि शुद्धता यांत तू इतरांसाठी कित्ता हो. तरुण संघाच्या शिबिरात या वचनावर कोणीतरी बोलतंच. सोमवारी सकाळी पावणेनऊच्या लोकलला लटकताना नेमकं काय करायचं, ते मात्र त्या भाषणात नसतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तुमची श्रद्धा खरी की दिखाऊ, हे पाळकसाहेबांना किंवा फादरना सगळ्यात शेवटी कळतं. सगळ्यात आधी कळतं ते घरकामाच्या मावशींना, रात्रपाळीच्या वॉचमनला, ऑफिसातल्या ज्युनिअरला, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना. म्हणजे ज्यांना तुमच्यासमोर आवाज चढवता येत नाही त्यांना. पुढच्या पायऱ्या वाचताना ही माणसं डोळ्यांसमोर ठेवा.

१. आधी एक मंडळी धरा

कॅथलिक असाल तर प्रश्न सोपा आहे. तुमच्या पत्त्यावरून पॅरिश ठरते. पॅरिश ऑफिसात जाऊन कुटुंबाची नोंद करा आणि मराठी मिस्सा किती वाजता असते ते नोटीस बोर्डावर बघा. ठाण्यात मासुंदा तलावाजवळ संत योहान बाप्तिस्ता चर्च आहे, वाशीत सेक्रेड हार्ट आहे. प्रॉटेस्टंटांचा घोळ जास्त. इथे निवड इतकी आहे की माणूस दर रविवारी नवीन ठिकाणी ‘चव बघत’ फिरतो. एका ठिकाणचं संगीत छान, दुसऱ्या ठिकाणचं प्रवचन छान, तिसऱ्या ठिकाणी पार्किंग मिळतं. असं फिरणाऱ्याला वर्षभरानंतरही कोणी नावाने हाक मारत नाही. गावाकडे सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत वाढला असाल तर आधी सीएनआयचंच चर्च शोधा. 1970 साली निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची ही मंडळी बनली आणि नगरकडच्या बऱ्याच जुन्या मिशन मंडळ्या आज तिच्यातच आहेत, त्यामुळे उपासनेची रीत ओळखीची वाटेल. नवी मुंबईत पुष्कळ लहान मंडळ्या शाळेच्या वर्गात, भाड्याच्या हॉलमध्ये भरतात. त्यांना कमी लेखू नका. हिशेब कोण ठेवतं, अर्पणाचा आकडा मंडळीला कळतो का, पाळकांना प्रश्न विचारलेला चालतो का, एवढं मात्र बघून घ्या. जिथे प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास समजतात, तिथून पाय काढता घ्या.

मंडळी ठरली की काम मागा, आणि माइकचं काम मागू नका. खुर्च्या लावणं, संडेस्कूलच्या पोरांना रस्ता ओलांडून देणं, आजाऱ्याला सिव्हिलमध्ये डबा पोचवणं, असलं काहीतरी. गाणारे आणि साक्ष देणारे भरपूर असतात. उपासना संपल्यावर खुर्च्या रचायला कोण थांबतं ते बघितलंत की मंडळी कशी आहे याचा अंदाज येतो.

२. प्रार्थनेची वेळ ठरवा, पण तिची जाहिरात नको

ठाणे-वाशी गाडीचा प्रवास साधारण अर्ध्या तासाचा. मार्काचं शुभवर्तमान चौघांत सगळ्यात छोटं, अध्याय सोळाच. एका फेरीला एक अध्याय सहज होतो. फोनवर वाचा, छोटं पुस्तक घेऊन वाचा, तुमची सोय. स्तुतिगीतं ऐकायची असतील तर हेडफोन लावा. डब्यात स्पीकरवर गाणी वाजवणाऱ्याला लोक शिव्याच घालतात, मग गाणं कोणतंही असो.

खोलीत चार जण राहत असतील तर ‘दार लावून घेऊन प्रार्थना कर’ हे येशूचं सांगणं अवघड जातं, हे मान्य. गच्चीवर जा, खाली सोसायटीच्या बाकावर बसा. मनातल्या मनात केलेली प्रार्थनाही पोचते. अडचण वेगळीच आहे. रूममेटला आपली प्रार्थना ऐकू जावी असं आपल्याला मनातून वाटत असतं. तसं वाटायला लागलं की आवाज खाली आणा.

३. ज्यांच्यावर तुमची हुकमत चालते

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा. पहिल्याच महिन्यात तुम्हाला घरकामाला कोणीतरी लागेल. नवरा-बायको दोघं नोकरीला असतील तर लागेलच. तिथून खरी परीक्षा सुरू होते.

लेवीयाच्या पुस्तकात स्पष्ट सांगितलं आहे की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये. बायबलातल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात तर सूर्य मावळायच्या आत दे असं आहे, कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन त्या पैशांत अडकलेलं असतं. याकोबाचं पत्र म्हणतं की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आवाज देवाच्या कानापर्यंत जातो. आता आपल्याकडे काय होतं? एक तारखेला आपला पगार खात्यात जमा झाल्याचा मेसेज येतो. त्या संध्याकाळी मावशी दारात दोन क्षण जास्त रेंगाळतात. आपण म्हणतो, ‘मावशी, एटीएमला जायला जमलं नाही हो, उद्या देते.’ उद्याचा परवा होतो. जीपे त्यांच्या मुलाच्या फोनवर असतं आणि तो फोन मुलाकडे असतो, म्हणून नोटाच लागतात. तर नोटा तीस तारखेलाच काढून पाकिटात ठेवा आणि पाकिटावर त्यांचं नाव लिहा. एवढं केलंत तरी त्या ज्या बाकीच्या पाच घरी काम करतात त्यांच्यापेक्षा तुम्ही वेगळे ठरता. कारण सांगायची गरज नाही.

दुसरी गोष्ट रविवारची. दहा आज्ञांमधली विसाव्याची आज्ञा आपण आपल्यापुरती वाचतो. निर्गमाच्या पुस्तकात ती पुढे जाते: तू काम करू नकोस, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी यांनीही करू नये, तुझ्या दारात राहणाऱ्या परक्यानेही करू नये. म्हणजे आपण रविवारी स्वच्छ कपडे घालून उपासनेला जायचं आणि त्या वेळेत मावशींनी आपल्या शनिवारच्या पार्टीची भांडी घासायची, हे या आज्ञेत बसत नाही. रविवारची पगारी सुट्टी द्या. मावशी ख्रिस्ती आहेत की नाहीत याचा इथे काहीही संबंध नाही. आज्ञा परक्यालाही धरून आहे. त्यांना रविवार नको, गुरुवार हवा असेल तर गुरुवार द्या.

ठाण्यातल्या एका घरात बाळाच्या बाप्तिस्म्याचं जेवण होतं. हॉलमध्ये चाळीसेक माणसं, धन्यवादाचं गीत चाललेलं, आणि ओट्यापाशी कामाच्या मावशी बिर्याणीचं करपलेलं पातेलं उलथण्याने खरवडत होत्या. त्यांचा पदर कमरेला खोचलेला, मनगटापर्यंत तेलकट पाणी. गीताचं दुसरं कडवं चालू असताना मंडळीतल्या एक वयस्कर बाई उठल्या, हॉलमधली एक प्लॅस्टिकची खुर्ची उचलून स्वयंपाकघरात नेली, मावशींच्या हातातलं उलथणं काढून घेतलं आणि म्हणाल्या, ‘आधी बसा. तुमचं ताट मी वाढते.’ मग दारात येऊन तरुण संघाच्या दोन पोरांना नुसत्या भुवईने बोलावलं. गीत संपलं तेव्हा ती दोघं सिंकपाशी बाह्या सरसावून उभी होती. त्या बाईंनी त्या दिवशी साक्ष दिली नाही, प्रार्थनाही दुसऱ्याच कोणीतरी केली. यजमानीणबाईंनी मात्र पुढच्या महिन्यापासून मावशींची सुट्टी बांधून दिली.

वेगळा कप ठेवू नका. हे लिहावं लागतं याचीच लाज वाटते, पण आपल्यातल्या घरांतही कानतुटका कप ओट्याच्या कोपऱ्यात असतो आणि तो कोणाचा हे सगळ्यांना माहीत असतं. प्रभुभोजनाला एका प्याल्यावर बोलायचं आणि घरी कप वेगळे ठेवायचे, हे जमत नाही. सोसायटीत कामगारांनी अमुकच लिफ्ट वापरावी अशी पाटी असेल तर वार्षिक सभेत विषय काढा. ‘महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम’ 2008 पासून आहे. मावशींची नोंदणी झाली आहे का ते विचारा आणि झाली नसेल तर फॉर्म भरायला एक संध्याकाळ द्या. कागदपत्रं गोळा करणं हेच मोठं काम असतं, प्रार्थनेने ते कमी होत नाही.

वॉचमन, डिलिव्हरीवाला, हाताखालचा ट्रेनी यांनाही हेच लागू. ऑफिसात आपली चूक ट्रेनीच्या नावावर खपवणं फार सोपं असतं, तो प्रोबेशनवर असतो, बोलणार नाही. मेलमध्ये ‘ही चूक माझ्याकडून झाली’ अशी एक ओळ लिहायला हिंमत लागते. हाताखालच्या माणसाच्या ती जन्मभर लक्षात राहते.

४. पैसा

फेब्रुवारीत ऑफिसातून मेल येतो: गुंतवणुकीचे आणि घरभाड्याचे पुरावे जमा करा. त्या आठवड्यात महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कांत जेवढी खोटी भाडेपावती फाडली जाते तेवढी वर्षभरात फाडली जात नसेल. वडिलांच्या घरात फुकट राहणारा मुलगा वडिलांना भाडं दिल्याचं दाखवतो. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, म्हणून आकडा नव्व्याण्णव हजारांवर आणून ठेवतात. ‘सगळेच करतात’ हे खरं आहे. म्हणूनच तुम्ही नाही केलंत तर बाजूच्या टेबलावरच्याला ते दिसतं. तो हसेल, ‘तू सरकारला दान देतोस काय?’ म्हणेल. हसू द्या. त्याला उपदेश करू नका, नाहीतर तुम्ही भरलेला कर हा त्याला लावलेला टोमणा होऊन बसेल.

वडिलांना खरंच भाडं देत असाल तर बँकेतून द्या, वडिलांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवावं, आणि बिनधास्त पावती जोडा. प्रामाणिकपणा म्हणजे हक्काची सूट सोडणं नव्हे.

जक्कयाची गोष्ट संडेस्कूलमध्ये आपण उंबराच्या झाडासाठी लक्षात ठेवतो. लूकने पुढचं लिहिलंय ते हिशेबाचं आहे: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांचं अन्यायाने घेतलं त्यांना चौपट परत. येशू त्याच्या घरी आल्यावर त्याने गाणं म्हटल्याचं लूक सांगत नाही, पैसे परत करायचं बोलल्याचं सांगतो. जुन्या भाडेकरूचं डिपॉझिट रंगकामाच्या नावाखाली कापलं असेल, मित्राचे पाच हजार ‘विसरले’ असतील, तर तिथून सुरुवात करा. दशमांश त्यानंतर. घरमालकाचं भाडं दोन महिने थकवून मंडळीत जाड पाकीट टाकणारी माणसं असतात. त्या पाकिटात घरमालकाचे पैसे असतात.

आणि मंडळीत धंदा आणू नका. विमा, चेन मार्केटिंगच्या प्रोटीन पावडरी, प्लॉटच्या स्कीमा: ‘भाऊ, ताई’ म्हणत उपासनेनंतर चहाच्या टेबलावर हे विकणाऱ्यांनी विश्वासाचं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं बाहेरच्या टीकाकारांनी केलेलं नाही. तिथे माणूस नाही म्हणू शकत नाही, कारण पुढच्या रविवारी पुन्हा शेजारी बसायचं असतं.

५. घर

ठाण्याचं नाव ख्रिस्ती इतिहासात सातशे वर्षांपूर्वीच आलेलं आहे. 1321 मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू इथे मारले गेले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. काही वर्षांनी ओडोरिक नावाचा प्रवासी साधू ठाण्यात आला, त्याने त्यांच्या अस्थी पुढे चीनला नेल्या आणि सगळा वृत्तांत लिहवून ठेवला. हुतात्म्यांची गोष्ट म्हणून ती सांगितली जाते, तेव्हा तिची सुरुवात बहुतेक वेळा गाळली जाते. ओडोरिकच्या सांगण्याप्रमाणे हे चौघं इथल्या एका नेस्टोरियन (पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या) ख्रिस्ती कुटुंबात उतरले होते. एका रात्री त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं आणि नवऱ्याने बायकोला मारलं. सकाळी ती काझीकडे तक्रार घेऊन गेली. साक्षीदार कोण, असं काझीने विचारलं तेव्हा तिने घरी उतरलेल्या पाहुण्या साधूंचं नाव सांगितलं. तिथून चौकशी धर्मावर गेली आणि पुढचं सगळं घडलं.

साधूंच्या धैर्याला तोड नाही. मला मात्र त्या बाईचं जास्त वाटतं. घरात धर्मगुरू मुक्कामाला असताना तिने मार खाल्ला, आणि न्याय मागायला तिला दुसऱ्याच धर्माच्या न्यायाधीशाकडे जावं लागलं. आजही अशी घरं आहेत. दारावर क्रूस, भिंतीवर ‘ख्रिस्त या घराचा मस्तक आहे’ अशी पाटी, आणि रात्री आवाज जिन्यापर्यंत. शेजाऱ्यांना ती पाटीही दिसते आणि तो आवाजही ऐकू येतो. तुमच्या मंडळीत असं कोणाचं चाललेलं कळलं तर ‘सहन कर, प्रार्थना कर’ असं सांगणाऱ्यांत सामील होऊ नका. त्या बाईच्या बाजूने उभे राहा, लागली तर पोलिसांत सोबत जा. 181 ही महिला हेल्पलाइन आहे.

ज्यांच्या घरी बाकीचे विश्वासात नाहीत, त्यांच्यासाठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं उदाहरण आहे. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये. मधली पाच वर्षं काय गेली असतील! तिकडे माहेर-सासर दुखावलेलं, इकडे संसार मोडलेला. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं-ओवळं लगेच टाकलं नाही. जे टाकलं ते स्वतःच्या मनाला पटलं तेव्हा टाकलं. तुमच्या आईला, नवऱ्याला, भावाला पटायला वेळ लागला तर लागू द्या. घरच्या देवघराची टवाळी केलीत तर पुढची दहा वर्षं तुमचं कोणी ऐकणार नाही. रात्रीची भांडी घासा, आईला दवाखान्यात न्या, पगारातला वाटा वेळेवर द्या. ‘ख्रिस्ती झाल्यापासून पोरगा सुधारला’ असं आई शेजारणीला सांगते तेव्हा त्यात सगळं येतं.

६. शेजाऱ्यांचे सण

नवख्यांचे सगळ्यात जास्त प्रश्न इथेच असतात, आणि यावर मंडळ्यांमध्ये एकमत नाही हे आधीच सांगतो.

ऑगस्टमध्ये सोसायटीची पोरं पावतीपुस्तक घेऊन दार वाजवतील. वर्गणी द्यायची का? कोणी सरळ देतं, कोणाचं मन घेत नाही. दोघांनाही मी नावं ठेवणार नाही, रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलही ठेवत नाही. पण मन घेत नसेल तर दारातच तत्त्वज्ञान सांगू नका, आणि श्रद्धेच्या नावाखाली पाचशे रुपये वाचवू नका. ‘पूजेच्या खर्चात मला भाग घेता येत नाही, पण रक्तदान शिबिराचा नाश्ता माझ्याकडून’ असं म्हणा, आणि वर्गणीपेक्षा थोडे जास्तच द्या. मंडप घालताना शिडी धरायला, विसर्जनानंतर कचरा उचलायला जा. आलेल्या पोरांना पाणी विचारा.

प्रसादाचं पौलाने करिंथच्या मंडळीला सविस्तर लिहिलं आहे. कोणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, खोदून विचारत बसू नका; पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. तुमची मंडळी याचा अर्थ कसा लावते ते तुमच्या पाळकांना विचारा. कसंही असलं तरी वाटी ढकलू नका, तोंड वेडंवाकडं करू नका. नको असेल तर हात जोडून ‘मावशी, मला चालत नाही, पण तुमचा मान आहे’ एवढं पुरतं. हळदी-कुंकवाला बोलावलं तर जाऊन बसता येतं. कुंकू नको म्हटल्यावर बहुतेक बायका नुसतं वाण देतात आणि गप्पा तशाच चालू राहतात. नवखी सून उगाचच आठ दिवस आधीपासून धास्तावते.

सोसायटी, पाणी, झाडं, रस्ता ही सगळ्यांची कामं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना आख्खा महाराष्ट्र ओळखत होता, तो त्यांच्या मिस्सेसाठी नव्हे. वसईची हिरवाई वाचवायला ते गुंड आणि बिल्डरांसमोर उभे राहिले, मराठीत लिहीत राहिले, आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसई 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती, त्यामुळे आपला माणूस म्हणायला हरकत नाही. तुम्हाला एवढं करायला कोणी सांगत नाही. सोसायटीच्या कमिटीत खजिनदाराचं पद सहसा रिकामं असतं. ते घ्या आणि दर महिन्याला हिशेब नोटीस बोर्डावर लावा.

७. भांडण झालं तर

होईलच. पार्किंगवरून, टपकणाऱ्या पाण्यावरून. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं येशूने म्हटलं आहे. रविवारची उपासना चुकली तरी चालेल, आधी तिसऱ्या मजल्यावर जाऊन या. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माफी मागू नका, ती दाखवण्यापुरती होते. बेल वाजवा. दार नाही उघडलं तर दोन दिवसांनी पुन्हा वाजवा. समोरच्याची चूक जास्त होती हे तुम्हाला माहीत असतं आणि त्यालाही माहीत असतं, ते बोलून दाखवायची गरज नाही.

८. कोणी विचारलं तर

वरचं थोडंफार जमायला लागलं की कोणीतरी विचारतंच: ‘तुम्ही दारू का सोडलीत?’, ‘तुमच्यात नेमकं काय मानतात हो?’ पेत्राने याचा सल्ला देऊन ठेवला आहे: तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. विचारणाऱ्याला, हा शब्द महत्त्वाचा. विचारलं नाही त्याला रोज सकाळी सहा वाजता वचनाचं चित्र पाठवू नका. मोरपिशी सूर्योदयावरचं वचन लोक न वाचता पुसून टाकतात.

उत्तर छोटं ठेवा. आपल्या बाबतीत काय घडलं तेवढं सांगा, समोरच्याच्या देवाबद्दल काही बोलू नका. बरं होण्याची हमी देऊ नका, कोणाची गोळी-इंजेक्शन बंद करायला सांगू नका. मदत आणि मंडळीत येणं यांची गाठ कधीच मारू नका: रेशन दिलं म्हणून रविवारी यायला हवं, हा व्यवहार झाला. दवाखान्यात कोणासाठी प्रार्थना करावीशी वाटली तर आधी ‘करू का?’ विचारा, आणि ‘नको’ म्हटलं तर फळं ठेवून गप्पा मारा. अठरा वर्षांखालच्या मुलाला आईवडिलांना कळवल्याशिवाय कुठेही नेऊ नका. आपला धर्म पाळण्याचं आणि सांगण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेच्या कलम 25 ने सगळ्यांना दिलं आहे. समोरच्यालाही दिलं आहे, म्हणून त्याला नको म्हणायची मुभा राहिली पाहिजे. जे बोलाल ते त्याच्या घरच्यांसमोर बोलता येईल असंच बोला. हल्ली वातावरण संशयाचं आहे, ते कळतं. पण संशय नसता तरी नियम हाच असायला हवा.

९. नाताळ

पहिल्या नाताळाला ताटं वाटा. खिडकीत तारा लावलात की मजल्यावरची पोरं विचारायला येतीलच, त्यांच्या आयांना आधी ओळखून ठेवा. करंज्या, कुलकुल, चकल्या शेजारी आवडीने घेतात. केकमध्ये अंडं असेल तर दारातच सांगा, आणि ज्या मजल्यावर जैन किंवा शाकाहारी कुटुंबं आहेत तिथे बिनअंड्याचा वेगळा केक वेगळ्या सुरीने कापून न्या. रमवाला केक ऑफिसात नेताना डब्यावर चिठ्ठी लावा. वॉचमनचा डबा सगळ्यात आधी भरा, शेवटी उरलेला चुरा देऊ नका. त्याची रात्रपाळी असते, तेव्हा डबा चोवीस तारखेच्या मध्यरात्रीच्या उपासनेला निघतानाच हातात द्या, सोबत थर्मासमध्ये चहा. मावशींचा बोनस मात्र नाताळपर्यंत थांबवू नका. त्यांचा सण दिवाळीचा असेल तर त्यांना पैसे वसुबारसेच्या आधी लागतात.